खुबा बदलल्यानंतरचा तोल आणि चाल कशी मोजायची: नाशिकमधल्या छोट्या क्लिनिकच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. मी आणि एक सहकारी, दोघीच. खुबा बदललेले पेशंट सिडको, सिन्नर, निफाड, ओझर अशा सगळीकडून येतात. काही पडून खुबा मोडलेले म्हातारे, काही वर्षानुवर्षं सांधा झिजलेले, आणि अलीकडे तिशी-पस्तिशीतलेही. या तरुणांच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि गोळा खचलेला असतो. घरचे सगळ्यांचेच एक प्रश्न विचारतात: "मॅडम, मागच्या वेळेपेक्षा बरं चालतात ना?" आजवर याचं उत्तर आम्ही नजरेवर देत होतो. पण सहा आठवड्यांपूर्वीची चाल नजरेत राहत नाही, आणि काठी कधी सोडायची हा निर्णय अंदाजावर घेणं मला पटत नाही.

म्हणून ठरवलं, प्रत्येकाची मोजणी चार वेळा करायची: जमलं तर ऑपरेशनआधी, मग घरी सोडल्यावर, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. चाचण्या नेहमीच्याच. टाइम्ड अप अँड गो (याला पुढे नुसतं 'टग' म्हणते): खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उभं राहता येतं ते. पाय चार प्रकारे ठेवून प्रत्येकी दहा सेकंद उभं राहणं. दहा मीटर चाल. ट्रेंडेलेनबर्ग, म्हणजे एका पायावर उभं राहिल्यावर कंबर एका बाजूला पडते का ते. आणि दोन वजनकाट्यांवर उभं करून कुठल्या पायावर किती भार पडतो ते.

मोजणीच्या आधी एक गोष्ट विचारायचीच: खुबा कुठून उघडला? मागून उघडला असेल तर तो ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे न्यायचा नाही आणि आत वळवायचा नाही. पुढून उघडला असेल तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं टाळायचं. बाजूने उघडला असेल तर पाय बाजूला उचलणारे स्नायू दुखावलेले असतात, त्यांच्यावर लवकर जोर नको. डिस्चार्ज कार्डावर हे पुष्कळदा नसतं. सर्जनना फोन करून विचारायचं आणि कागदाच्या डोक्यावर लाल पेनने लिहायचं. हे कळेपर्यंत एकही चाचणी नाही.

२१ नोव्हेंबर

पहिली अडचण खुर्चीची. क्लिनिकमधली प्लास्टिकची खुर्ची टेपने मोजली तर बसायची जागा जेमतेम ४१ सेंटीमीटरवर, आणि वजन पडलं की पाय फाकून अजून खाली जाते. टगला सुमारे ४६ सेंटीमीटर उंचीची, हातांची खुर्ची लागते. तीस सेकंदांच्या चाचणीला ४३ सेंटीमीटरची, बिनहातांची. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते ते वेगळंच. पेशंट उठताना ती मागे जाते, आणि बसताना माणूस मागे हात करून खुर्ची शोधतो. मागून ऑपरेशन झालेल्याला इतक्या खाली बसवणं धोक्याचंही आहे, कारण गुडघे खुब्याच्या वर जातात.

पंचवटीतल्या सुताराला सांगून लाकडी खुर्ची करून घेतली. बैठक ४३ सेंटीमीटरवर, बाजूचे हात काढता-घालता येतात, आणि चारही पायांखाली बसवायचे ३ सेंटीमीटरचे ठोकळे. ठोकळे लावले की ४६. पायांना रबरी बूट. २८०० रुपये झाले. सुताराने आधी पाठ मागे झुकलेली केली होती, 'आरामाला बरी' म्हणून. ती सरळ करून घेण्यात पाच दिवस जातील. तोवर टग बंद.

उंच माणसाला ४३ सेंटीमीटरही खाली पडतात. सर्जनने परवानगी दिल्याशिवाय अशांची तीस सेकंदांची चाचणी ४६ वरच करायची आणि कागदावर '४६' लिहायचं. पुढच्या वेळीही तीच उंची.

२६ नोव्हेंबर

तीन मीटरची खूण. फरशी दोन फुटी, म्हणजे पाच फरशा की तीन मीटर, असा सरळ हिशोब वाटला. टेप लावून पाहिलं तर मधल्या सांध्यांमुळे तीन सेंटीमीटर जास्त भरतं. फरशा मोजू नका, टेपच लावा.

लाल चिकटपट्टी लावली. दोन दिवसांत पोछ्याने सुटली. पण खरा त्रास वेगळा होता. पेशंट पट्टीकडे बघत चालत होते आणि ती जवळ आली की पावलं आखूड करून नेमका पट्टीवर पाय ठेवत होते. म्हणजे चाल मोजायची सोडून आम्ही नेम मोजत होतो. आता पट्टीऐवजी पाण्याची भरलेली बाटली ठेवतो आणि सांगतो, "बाटलीला वळसा घालून या." मान वर राहते.

वळसा कुठल्या बाजूने घातला तेही लिहायला लागलो. ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळणारा माणूस आणि तीन-चार छोटी पावलं टाकून वळणारा माणूस यांचे सेकंद सारखे येऊ शकतात, पण पहिल्याला त्याच क्षणी थांबवून शिकवावं लागतं.

२ डिसेंबर

वजनकाट्यांनी आठवडा खाल्ला.

कल्पना सोपी आहे. दोन काटे शेजारी शेजारी, एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. समोर बघून सरळ उभं राहायचं. ऑपरेशनच्या पायावर एकूण वजनाचा किती हिस्सा पडतो ते कळतं. पुष्कळ लोक दुखायचं थांबल्यावरही सवयीने चांगल्या पायावरच उभे असतात. त्यांना स्वतःला ते जाणवत नाही.

सुरुवातीला दोन डिजिटल काटे आणले, साधारण ७०० रुपयांना एक. घरगुती डिजिटल काटा आकडा स्थिर झाला की तो गोठवून ठेवतो. त्यानंतर माणूस डावीकडे झुकला काय, उजवीकडे झुकला काय, आकडा हलत नाही. आम्हाला तर हलणारंच वजन बघायचं होतं. शिवाय एक काटा आधी गोठतो, दुसरा नंतर, आणि दोन्हींची बेरीज माणसाच्या वजनाला जुळत नाही. दुकानदाराने परत घेतले नाहीत. १४०० रुपये गेले.

मग काट्याचे, गोल तबकडीवाले जुन्या पद्धतीचे दोन आणले, ११०० रुपयांना एक. यात सुई सतत हलते. पण दोघांत फरक होता. २० किलोचं गव्हाचं पोतं आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर ठेवलं, तर एक १९ दाखवतो, दुसरा साडेवीस. स्क्रू फिरवून शून्य जुळवलं तरी वीस किलोला फरक उरतोच. यावर उपाय म्हणजे पेशंटला एकदा उभं करून दोन्ही आकडे लिहायचे, मग काट्यांची अदलाबदल करून पुन्हा उभं करायचं आणि प्रत्येक पायाची सरासरी घ्यायची. वेळ दुप्पट लागतो, पण निदान आकड्यावर विश्वास ठेवता येतो. दर सोमवारी पोतं ठेवून काटे तपासतो.

दोन्ही काटे एकाच उंचीचे हवेत आणि भक्कम लाकडी पाटावर हवेत. पाट भिंतीपासून हातभर अंतरावर, समोर टेबल. काट्यावर चढणं हीच पडायची जागा आहे, त्यामुळे एकीने मागे उभं राहायचं आणि दुसरीने आकडे वाचायचे. पेशंटला आकडे दिसू द्यायचे नाहीत. दिसले की तो लगेच सारखे करायला जातो. आधी न दाखवता मोजायचं, आणि नंतर व्यायाम म्हणून दाखवायचं. तेव्हा मात्र सुई बघून भार सारखा करणं लोकांना फार आवडतं.

९ डिसेंबर

सिडकोच्या काकूंचा टग दोन आठवड्यांपूर्वी २४ सेकंद होता, आज २७. घरचे हिरमुसले. मलाही कळेना, कारण काकू डोळ्यांदेखत बऱ्या चालत होत्या. जुना कागद काढला. त्यावर नुसता '२४'. सहकारी म्हणाली, "तेव्हा वॉकर होता. आज काठी आहे." वॉकर घेऊन माणूस सुसाट जाऊ शकतो, कारण तोल वॉकरच सांभाळतो. काठीवर आलं की वेग थोडा पडतो. ही प्रगती आहे, आणि आमचा कागद तिला घसरण म्हणत होता.

कागद नव्याने आखला. आकड्याशेजारी आता हे रकाने: कुठलं साधन, काठी कुठल्या हातात (ऑपरेशनच्या विरुद्ध हातात हवी), उठताना हात टेकले का, पायात काय, वेदनेची गोळी किती वाजता घेतली, मोजणी किती वाजता. थंडीत सकाळी नऊला आणि दुपारी दोनला त्याच माणसाची चाल वेगळी असते. निफाडकडून पहाटे निघून जीपने येणारा पेशंट पहिली दहा मिनिटं लाकडासारखा कडक असतो. त्याला आधी चहा, थोडं फिरणं, मग मोजणी. साधन बदललं असेल तर त्या दिवशी दोन्ही साधनांनी टग करायचा, म्हणजे दुवा तुटत नाही.

आणि अर्ध्या-एक सेकंदाच्या फरकावर कुणाला "बरं झालं" किंवा "बिघडलं" म्हणायचं नाही. खुब्याच्या अशा पेशंटांत टगमध्ये साधारण अडीच सेकंदांहून कमी फरक पडला तर तो मोजणीतल्या चढउतारातच मोडतो.

१६ डिसेंबर

मेनरोडमागच्या गल्लीतला जुना वाडा. आजी पडून खुबा मोडला होता, अर्धा सांधा बदललाय. वॉकरवर आहेत. मुलगा सांगत होता, "व्यायाम सगळे करते, पण उठलं की घाबरते."

टगला ३८ सेकंद. मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. तो थांबवून थांबवून तुकडे पाडले: उठणं, जाणं, वळणं, येणं, बसणं. चालण्याला जास्त वेळ लागतच नव्हता. उठल्यावर वॉकर धरून आजी नऊ सेकंद नुसत्या उभ्या होत्या. डोळे बारीक, एक हात कपाळाकडे जातो आणि परत वॉकरवर येतो. चाचणी चालू असताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी घड्याळाकडे बघत होते.

लगेच रक्तदाब घेतला. पाच मिनिटं आडवं झोपवून १३८/८४. उभं राहून तीन मिनिटांनी ११२/७२. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की तो खरा उतार मानतात. इथे दोन्ही उतरले होते. भीती खुब्याची नव्हती, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि आजींना ती सांगायला शब्द सापडत नव्हते. "चक्कर येते का?" असं विचारलं तर त्या 'नाही' म्हणायच्या, कारण त्यांच्या लेखी चक्कर म्हणजे गरगरणं. "उठल्यावर डोळ्यांसमोर काळं होतं का?" विचारल्यावर म्हणाल्या, "ते तर रोजचंच आहे गं."

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, रक्तदाबाच्या गोळ्या बघाव्यात म्हणून. तोवर नियम असा: पलंगाच्या कडेला बसून घोटे वर-खाली वीस वेळा, मग उठायचं, उठल्यावर दहा आकडे मोजायचे आणि मगच पहिलं पाऊल. आता प्रत्येक वयस्कर पेशंटचा आडवा आणि उभा रक्तदाब पहिल्या दिवशी. दहा मिनिटं जातात, पण हे सोडायचं नाही.

घरात गेलंच तर हेही मोजा: पलंगाची उंची, उंबरठा, मोरीची पायरी. या वाड्यात मोरी कडप्प्याची, ओली आणि दोन इंच खाली. क्लिनिकमधल्या कुठल्याच चाचणीत ती पायरी नाही. मी आजींना वॉकरसकट तिथवर नेऊन बघितलं. वॉकर दारातून आत जातच नाही, आडवा करावा लागतो. भिंतीला दांडी बसवायला सांगितलं आणि कमोडची खुर्ची वरच्या मजल्यावर न ठेवता खाली आणायला लावली.

२३ डिसेंबर

ट्रेंडेलेनबर्गची चाचणी १८९५ पासूनची. ऑपरेशनच्या पायावर उभं राहायचं, दुसरा पाय उचलायचा. पाय बाजूला उचलणारे स्नायू कमजोर असतील तर उचललेल्या बाजूची कंबर खाली पडते. पण हे बघायचं कुठे? साडीत कंबर दिसत नाही, निऱ्यांत गुडघा दिसत नाही, आणि पेशंट हुशारीने धड टेकलेल्या पायाच्या बाजूला कलवून कंबर पडूच देत नाही.

साडी सोडायला सांगणं आम्हाला मान्य नाही. तीन प्रकार करून पाहिले. गाऊन दिला, तो ढगळ असल्याने कंबर अजूनच दिसेना. कमरेवर हात ठेवून चाचपडून पाहिलं, पण मग मागून आमचाच आधार मिळतो. शेवटी जमलं ते असं: दोन इंची इलॅस्टिकचा पट्टा साडीवरूनच कमरेच्या हाडांवर घट्ट बांधायचा आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक मोठी लाल टिकली चिकटवायची. मोबाइल स्टँडवर, बरोबर कमरेच्या उंचीला, मागे दोन मीटरवर. व्हिडिओत दोन टिकल्यांमधून रेघ मनातल्या मनात ओढली की एक बाजू पडते का ते दिसतं. तिसरी टिकली ब्लाउजच्या मागच्या गळ्याच्या मध्यावर लावली की धड कलतंय का तेही कळतं. पट्टा शिलाईवाल्या ताईंकडून, ९० रुपये. पुरुषांनाही हाच पट्टा, पायजम्यावरून.

पेशंटने समोरच्या टेबलावर फक्त दोन बोटं टेकवायची, पकडायचं नाही. तीस सेकंद उभं राहायचं. पहिल्या पाच सेकंदांत कंबर सरळ असते आणि विसाव्या सेकंदाला पडते, असे पेशंट पुष्कळ आहेत. लवकर थांबवलं तर ते निसटतात. सर्जनने पूर्ण भार द्यायला परवानगी दिलेली नसेल तर ही चाचणी करायचीच नाही.

३० डिसेंबर

आधाराचा पट्टा. पेशंटच्या कमरेला बांधून मागून धरायचा असतो. ऑनलाइन मागवलेला आला, पण बकल प्लास्टिकचं. वजनदार माणूस कलंडला तर ते टिकेल यावर माझा भरवसा नाही. बॅगा शिवणाऱ्याकडून जाड निवारीचा, लोखंडी बकलाचा, दोन्ही बाजूंना मुठी शिवलेला करून घेतला. २५० रुपये. आता उभं राहून करायची कुठलीही चाचणी पट्ट्याशिवाय नाही.

थांबायच्या खुणा भिंतीवर लावल्या: पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी, जखमेतून स्राव किंवा ताप, जांघेत अचानक कळ आणि पाय आखूड होऊन वळलेला. यातलं काहीही दिसलं तर मोजणी बंद आणि लगेच सर्जनना फोन.

६ जानेवारी २०२५

निफाडचे काका, द्राक्षबागायतदार. ऑपरेशन दसऱ्याआधी झालं. खुबा छान आहे, टग ११ सेकंद, तीस सेकंदांत १२ उठबशा, टिकल्यांची रेघ सरळ. काठी कधीच सोडली. तक्रार एकच: "मॅडम, घरात काही नाही. बागेत गेलो की पाय कुठं पडतो कळत नाही."

फरशीवरच्या चाचण्यांत हे येणारच नव्हतं. मऊ जागेवर उभं करायला फोम हवा. आयात केलेलं पॅड महाग. गादीवाल्याकडून चार इंची फोम कापून घेतला, पण तो मऊ निघाला. काका चढले की तळाला टेकतो, म्हणजे पुन्हा फरशीच. दुसऱ्यांदा दाट, कडक फोम घेतला, ५० बाय ५० सेंटीमीटर, ४५० रुपये. रेक्झिनचं कव्हर घातलं तर पाय घसरतो. कव्हर काढलं आणि खाली न सरकणारी जाळीची चटई घातली.

चार पायऱ्या, प्रत्येकी तीस सेकंद: फरशीवर डोळे उघडे, फरशीवर डोळे मिटून, फोमवर उघडे, फोमवर मिटून. पहिल्या तिन्ही काकांनी काढल्या, तिसरीत जरा डुलले. चौथीत डोळे मिटले आणि दोन सेकंदांत सरळ माझ्या सहकारीच्या अंगावर. ऑपरेशनच्या बाजूला कललेच नाहीत, मागे गेले. तिथेच शंका आली.

मोजे काढायला लावले. साखर पंधरा वर्षांची. १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला, दोन्ही पायांना पुढच्या भागात कळतच नाही. १२८ हर्ट्झचा कंपनाचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, "काही नाही" म्हणाले. घोट्यावर ठेवला, तिथे थोडं. म्हणजे तळव्यांकडून बातमी येत नाही. डोळे उघडे असतात तोवर डोळ्यांवर निभतं. वेलींखाली, संध्याकाळच्या अंधारात, सरीच्या भुसभुशीत मातीत ते निभत नाही.

ही गोष्ट इथे मुद्दाम सविस्तर लिहितेय. खुबा बदललेल्या माणसाचा तोल गेला की सगळ्यांची नजर खुब्यावर जाते, आमचीही गेली. खुब्याचे व्यायाम अजून सहा महिने दिले असते तरी काकांचा बागेतला पाय तसाच पडला असता. आता प्रत्येक मधुमेही पेशंटचे तळवे पहिल्याच दिवशी तपासायचे. काकांना साखरेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. टाच बंद असलेली, पातळ पण कडक तळाची चप्पल घ्यायला सांगितली, अनवाणी फिरणं बंद, अंधारात बागेत विजेरी आणि काठी.

१५ जानेवारी

संक्रांतीमुळे कालचा दिवस बंद. आज तिळगुळाबरोबर एकच तक्रार दोघांकडून: "पाय लांब झालाय."

सुताराकडून लॅमिनेटचे तुकडे आणलेत, ५ मिलिमीटर जाडीचे. कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेपने मोजायचं, आणि उभं असताना चांगल्या पायाखाली एकेक तुकडा ठेवत जायचं, "आता सारखं वाटतं का?" असं विचारत. एका काकूंचे पाय टेपने सारखे, पण तुकडे दोन लागले. ऑपरेशनच्या बाजूचे स्नायू आखडलेत आणि कंबर तिरपी आहे, म्हणून पाय लांब भासतो. यात चपलेला उंची चढवायची घाई करायची नाही. ताणायचे व्यायाम द्यायचे, तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. एकदा उंची चढवली की कंबर तशीच राहायला शिकते.

२४ जानेवारी

अंबड एमआयडीसीतला ३४ वर्षांचा फिटर. गोळा खचल्यामुळे खुबा बदललाय, बाजूने उघडलेला. तोल मोजायच्या बर्गच्या चौदा चाचण्यांत ५६ पैकी ५६ गुण. टग ७ सेकंद. कागदावर सगळं उत्तम. तो मात्र म्हणतो, "शिफ्ट संपेपर्यंत लंगडायला लागतो, ताई."

बर्ग तरुणांसाठी अपुरी पडते. तिचा वरचा आकडा लवकर गाठला जातो आणि पुढचं काही दिसत नाही. याला थकवून बघायला हवं होतं. सहा मिनिटांच्या चालीला ३० मीटरची सरळ जागा लागते. ती क्लिनिकमध्ये नाही, पार्किंगमध्ये गाड्या. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेलो. गर्दी इतकी की तो दर फेरीला कुणाला तरी वाट देत होता, आणि ओळखीचे थांबवून विचारत होते. ती मोजणी रद्द. दुपारी अडीचला पुन्हा गेलो, ट्रॅक मोकळा. ३० मीटर टेपने मोजून दोन बाटल्या ठेवल्या.

पहिल्या मिनिटाचा आणि सहाव्या मिनिटाचा मागून व्हिडिओ, पट्टा आणि टिकल्यांसकट. पहिल्या मिनिटात रेघ सरळ. पाचव्या मिनिटापासून उजवा पाय टेकला की डावी टिकली स्पष्ट खाली जाते आणि धड उजवीकडे कलतं. त्याला मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मला वाटायचं मी आळस करतोय." सुपरवायझरही तेच म्हणत होता.

बाजूचे स्नायू वाढवायचा तीन महिन्यांचा व्यायाम दिला आणि कंपनीसाठी पत्र: दर दोन तासांनी दहा मिनिटं बसायची मुभा. पत्रासोबत सहा मिनिटांच्या चालीचा अहवाल जोडला. पंचावन्न वर्षांच्या खालच्या सगळ्यांना आता बर्गऐवजी हीच.

५ फेब्रुवारी

चालताना बोलायला लावलं की चाल बिघडते का, हे बघायची चाचणी. पुस्तकात 'शंभरातून तीन-तीन वजा करत चाला' असं दिलेलं असतं. न शिकलेल्या आजींना ते सांगितलं की त्या जागीच थांबतात, आणि अडतं ते गणितावर. चैत्रापासून महिने म्हणायला लावले, तर ते पाठ असल्याने काहीच ताण पडत नाही. उलटे महिने, फाल्गुन, माघ, पौष, असे म्हणायला लावले की बरोबर ताण येतो. शिकलेल्यांना वजाबाकीच. ज्याला जे दिलं ते कागदावर लिहायचं.

हातात पाण्याने भरलेला तांब्या देऊन टग, हा प्रकार सगळ्यांना समजतो. काठी लागणाऱ्याला मात्र देऊ नये.

१८ फेब्रुवारी

काकांच्या बागेत गेलो. द्राक्षाची तोडणी सुरू आहे, त्यामुळे ते क्लिनिकला येणार नव्हतेच. दोन ओळींच्या मधल्या सरीत दहा मीटर मोजले. घरासमोरच्या सिमेंटवर ९ सेकंद, सरीत काठीशिवाय १६, काठीसह १३. म्हणजे इथे काठीने वेग वाढला. त्यांना हे आकड्यांत दिसल्यावर काठीबद्दलची नाराजी संपली. "घरात नको, बागेत पाहिजे, बरोबर?" बरोबर. पुतण्यासमोर काठी धरायची लाज वाटते, म्हणून बांबूची, बागेतलीच वाटेल अशी करून घेणार आहेत. खाली रबरी टोपी मात्र लावायची, ती मी देऊन आले.

काठी सोडायचा आमचा नियम आता असा: सर्जनची परवानगी, ट्रेंडेलेनबर्गला तीस सेकंद रेघ सरळ, काट्यांवर ऑपरेशनच्या पायावर किमान ४५ टक्के भार, एका पायापुढे दुसरा पाय ठेवून दहा सेकंद उभं राहता येणं, आणि काठीशिवायचा टग काठीसह असलेल्यापेक्षा अडीच सेकंदांहून जास्त न वाढणं. पाचही जमलं तर घरात सोडायची. बाहेर सोडायची का, ते त्या माणसाच्या 'बाहेर'मध्ये जाऊन बघायचं.

२८ फेब्रुवारी

करू बघणाऱ्यांसाठी हिशोब. खुर्ची २८००, तबकडीचे दोन काटे २२००, फोम ४५० (पहिला मऊ फोम २००, वाया), कमरेचा पट्टा ९०, आधाराचा पट्टा २५०, न सरकणारी चटई १८०, मोबाइलचा स्टँड ६००. डिजिटल काट्यांचे १४०० बुडाले. धागा आणि चिमटा आमच्याकडे आधीपासून होते. घेताना आधी तबकडीचे काटे आणि खुर्ची घ्या. बाकी नंतर.

पूर्ण मोजणीला सुरुवातीला दीड तास लागत होता आणि शेवटच्या चाचण्या दमलेल्या माणसावर होत होत्या. आता क्रम असा: आडवा-उभा रक्तदाब, तळवे, पायांची लांबी, काटे, टग, मग पाच मिनिटं बसणं, चार प्रकारे उभं राहणं, ट्रेंडेलेनबर्ग, पुन्हा बसणं, खुर्चीतून उठणं आणि शेवटी दहा मीटर चाल. पन्नास मिनिटांत होतं. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात यातलं फक्त रक्तदाब, तळवे, टग आणि हात टेकून उठणं एवढंच, बाकी नको.

जिन्याची चाचणी अजून राहिली आहे. आमच्या इमारतीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, तळाची एक तर बाकीच्यांपेक्षा चार सेंटीमीटर बुटकी. पेशंटचा पाय तिथेच हुकतो. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांचा जिना दुपारी एक ते तीन वापरू द्यावा म्हणून विचारलंय. सोमवारी कठडा तपासायला जायचंय.